लाल पुरचुंडीतली गाठ

"बोलो हस्तसिद्ध महाराज की..."

"जय!"

रायपूरच्या गुढियारी भागातल्या त्या रिकाम्या गोदामात चारशे माणसं एकदम ओरडली आणि वरचा पत्रा थरथरला. समोरच्या तख्तावर एक बाई उताणी पडून रडत होती, रडता रडता हसत होती. तिच्या उघड्या पोटावर लालभडक ओघळ होते. आणि तिच्या डोक्याशी उभे असलेले महाराज एक ओली, तांबडी गाठ दोन बोटांत धरून गर्दीला दाखवत होते.

"ये देखो! चौदह साल से बैठी थी अंदर। डॉक्टर क्या करता है? पेट फाड़ता है! और हम? हम पाप फाड़ते हैं! न चीरा, न टाँका, न बेहोशी। माई, दर्द हुआ?"

"नइ होइस महाराज!" बाई हुंदके देत म्हणाली.

"सुना? नइ होइस!" गालाला चिकटवलेल्या माइकमधून महाराजांनी ते शब्द साऱ्या गोदामाला ऐकवले. त्यांच्या गळ्यात सहा माळा होत्या, दाढीला नुकताच कलप लागला होता, आणि पाप फाडून दमलेल्या त्यांच्या कपाळाचा घाम पुसायला एक सेवक नेमलेला होता.

सहाव्या रांगेत उल्का आपल्या सासूशेजारी बसली होती. सासूच्या मुठीत एक्केचाळीस नंबरचं टोकन होतं, घामानं भिजलेलं. बुलावा चाळीसपर्यंत आला होता.

"आई, अजूनही उठू शकतो आपण," उल्का हळूच म्हणाली.

"तू डोळ्यानं पाह्यलं ना आता? तरी तुह्यं तेच?" मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

उल्का उच्च माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मंदाकिनीबाईंच्या पोटात महिनाभर दुखत होतं, म्हणून तिनंच त्यांना सोनोग्राफीला नेलं होतं. डाव्या बीजकोशावर मोठ्या लिंबाएवढी नव्हे, चांगली मोसंब्याएवढी गाठ निघाली, आणि तिचा काही भाग घट्ट. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "ही थांबण्यातली नाही. पीळ खाल्ला तर रात्रीबेरात्री धावावं लागेल, आणि आत काय आहे ते काढल्याशिवाय कळणार नाही." येत्या बुधवारची तारीख ठरली होती.

पण मंदाकिनीबाईंची नणंद वीस वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नव्हती. त्या दिवसापासून 'ऑपरेशन' हा शब्द घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. त्यात कोणीतरी महाराजांचं नाव सांगितलं, आणि बाईंना बुडत्याला काडी मिळावी तसं झालं. "तू एकदा पाह्य, मंग बोल," त्या सुनेला म्हणाल्या होत्या. उल्का म्हणाली, "येते. पण बुधवार मोडायचा नाही."

सकाळी गेटवर सगळ्यांचे मोबाइल एका पोत्यात जमा झाले. मग एक सेवक भोंग्यावर ओरडत होता, "मांस-मछली खाने वाले बाहर ही रुकें! तामसिक शरीर पे महाराज का हाथ नहीं चलता!" निम्मी रांग मान खाली घालून मागे फिरली. मंदाकिनीबाईंचा चेहरा उजळला. जन्मात अंड्याला हात न लावल्याचं चीज झालं होतं. पुढच्या टेबलावर एक गोड बोलणारी मुलगी नाव, गाव, दुखणं लिहून घेत होती. "साथ में बहू है? कोई खुशखबरी?" तिनं हसून विचारलं होतं, आणि बाईंनी तितक्याच हसून सांगितलं होतं, "हव, चौथा महिना."

"एक्केचाळीस!"

मंदाकिनीबाई उठल्या. सोबतीला घरचं एक माणूस पायांशी उभं राहू शकत होतं. उल्का उभी राहिली.

सेवकानं बाईंचा पदर बाजूला करून पोटावर हळदीचा जाड लेप दिला. महाराजांनी तांब्यातलं पाणी हातांवर घेतलं, मंत्र पुटपुटले आणि दोन्ही हात पोटावर दाबले. बाई अंगानं भरलेल्या; बोटं वळ्यांत शिरली आणि पेरापर्यंत दिसेनाशी झाली. आणि मग बोटांच्या भोवती लाल रंग फुटला. आधी रेघ, मग ओघळ. कमरेखालच्या पांढऱ्या चादरीवर थेंब पडले.

उल्का वर्षानुवर्षं चिमटे-कात्र्या हाताळलेली, पण हे तिच्या घरचं माणूस होतं, आणि ते रक्त दिसत होतं. खोटं कशाला सांगा, एक क्षण तिलाही वाटलं, खरंच हात आत गेला.

"रूई!"

सेवकानं कापसाचा मोठा ओला बोळा दिला. महाराजांनी तो वळ्यांत दाबला, दात-ओठ खाल्ले, हिसका दिला, आणि कापसासकट हात वर आला तेव्हा बोटांत गाठ होती.

"जय!"

मंदाकिनीबाईंचे डोळे मिटलेले होते. सेवकानं पोटावर दोन लिंबं पिळली आणि फडक्यानं पुसलं. रक्त नाहीसं झालं. खाली पिवळी, अखंड कातडी. ओरखडासुद्धा नाही.

उल्का मात्र गाठीकडे बघत होती. लाल माखलेल्या त्या गोळ्यावर, एका बाजूला, काहीतरी रुपेरी चमकलं. हे आपण कुठं पाहिलंय? ती वाकून बघणार तोच सेवकानं गाठ लाल कापडात गुंडाळली, कापराची वडी टाकली आणि करकचून बांधली.

"माई, ये पोटली आज सूरज ढलने से पहले खारुन मैया के पानी में सिरा देना, महादेव घाट पे," महाराज म्हणाले. "खोलना मत। जो खोलेगा, गाँठ उसी के पेट में जाके बैठेगी।" मग त्यांनी मान वळवून थेट उल्काकडे बघितलं, आणि माइकवरून, चारशे माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "और बेटी, तेरे पेट में तो एक जान पहले से है। तू तो छूना भी मत।"

गोदामात उसासा उमटला. मंदाकिनीबाईंनी उठता उठता हात जोडले. "कसं कळलं याइले? कसं कळलं, सांग!"

उल्काचा हात नकळत पोटावर गेला होता.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी दुपारी अडीचपर्यंत आळीतल्या सहा बायका पुरचुंडीला नमस्कार करून गेल्या. ती देवघरात, चांदीच्या वाटीत ठेवली होती. मंदाकिनीबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या, तोंडावर तेज आल्यासारख्या.

"हलकं हलकं वाटून राह्यलं. दुखणं कसं एकदम बसलं पाहा," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "शेखर, दवाखान्यात फोन लाव. बुधवारचं नाही म्हणा लागते."

शेखर नवा रायपूरच्या एका कार्यालयात काम करायचा. आकडे, नकाशे, फायली यांत त्याचं डोकं वाघासारखं चालायचं. पण आईपुढे त्याची शेळी व्हायची. त्यानं फोन हातात घेतला आणि बायकोकडे बघितलं.

"शेखर, थांब," उल्का म्हणाली.

"काहून थांबायचं?" हे बोलले सासरे, अनंतराव. रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी आवाज अजून फलाटावर जाईल एवढा. "सुनबाई, मी काही अडाणी नाही. पण मी माही बहीण टेबलावर जाताना पाह्यली. चिरफाड न करता काम झालं, तर कोणाचं का बिघडलं?"

"झालं असेल तर बिघडलं नाही, बाबा. झालं नसेल तर?" उल्का म्हणाली. "गाठ अजून आतच असेल तर? बुधवार गेला की डॉक्टर पुढची तारीख कधी देणार? आणि आईंना बरं वाटतंय म्हणून आपण गप्प बसणार. गाठ गप्प बसणार नाही."

"मंग माह्या डोळ्यानं पाह्यलेलं खोटं?" मंदाकिनीबाई उसळल्या. "अन् तू पोटुशी आहे हे त्याइले कसं समजलं?"

"तुम्हीच सांगितलंत, आई. त्या टेबलावरच्या मुलीला. 'चौथा महिना' म्हणून."

मंदाकिनीबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला. मग म्हणाल्या, "असन. पण गाठ तर मी नाही दिली त्याइले."

"ती मला उघडून बघू द्या. पाच मिनिटं."

"खबरदार!" बाई पलंगावरून उतरल्या आणि देवघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माहा जीव टांगणीले लावू नको. एकदा झालं ते पुरे नाही का?"

त्याबद्दल घरात कोणीच बोलत नसे. दोन वर्षांपूर्वी उल्काचं अडीच महिन्यांचं मूल पोटातच गेलं होतं.

घड्याळात पावणेतीन वाजले होते. डिसेंबरातला सूर्य सव्वापाचला बुडायचा.

"मला तासभर द्या," उल्का म्हणाली. "शेखर, तासभर फोन करू नकोस. एवढंच मागते."

शेखरनं फोन टेबलावर उपडा ठेवला. तेवढं त्यानं केलं.

ती स्कूटीवर बसली आणि बाजाराकडे निघाली. जो खोलेगा, उसी के पेट में. असली वाक्यं डोक्यात गेली की विंचवासारखी कोपरा धरून बसतात. समज, उघडली आणि काही झालं. कारण काहीही असो. घरचे जन्मभर काय म्हणतील? तू स्वतःला काय म्हणशील? सिग्नलला ती थांबली, आणि तिथंच तिला एक गोष्ट लख्ख आठवली. मागच्या वेळी तिनं कुठलीही पुरचुंडी उघडली नव्हती. कोणाचाही शाप घेतला नव्हता. तरी ते गेलं होतं. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, आणि त्यात कुठला महाराज नव्हता.

सिग्नल सुटला. ती पुढे गेली.

तिच्या शाळेत आता बेडूक कापत नसत. अकरावी-बारावीच्या मुलांना अवयव दाखवायला ती बाजारातूनच बकऱ्याचं हृदय, मूत्रपिंड, कोंबडीची आतडी आणायची. कोंबडीवाला तिला ओळखायचा.

"मैडम, आज इतवार को स्कूल?"

"भैया, देसी मुर्गी का पोटा चाहिए. साबुत. बिना साफ किया हुआ."

"साबुत?" तो हसला. "इतवार को साबुत बचता कहाँ है? एक आदमी सवेरे डब्बा भर के ले जाता है, बोलता है धोना मत, काटना मत। रुको, दो पड़े होंगे।"

उल्का पावणेचारला घरात शिरली. मागच्या अंगणात तिनं स्टूलवर पत्र्याचा ट्रे मांडला, हातमोजे चढवले, कातरी-चिमटा काढला. मंदाकिनीबाई दारातून बघत होत्या, पदर नाकाला. घरात या ट्रेला बंदी होती; शाळेतून आल्यावरही उल्का डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे, असा सासूचा नियम होता.

"माह्या अंगणात? माह्या?"

"आई, तुमच्या पुरचुंडीला मी हात लावत नाही. हे बाजारातून आणलंय. फक्त बघा. बाबा, तुम्हीपण. शेखर."

तिनं कागदातून एक गोळा काढून ट्रेमध्ये ठेवला. तांबडा, घट्ट, चपटा. मुठीत मावेल एवढा. "हा कोंबडीचा पोटा. कोंबडीला दात नसतात, म्हणून दाणे दळायला तिच्या पोटात ही चक्की असते. हे बघा, दोन्ही अंगांना ही रुपेरी चमक. ताकदीचा स्नायू जिथं ओढ घेतो, तिथली ही पट्टी. आणि ही दोन भोकं. एकातून दाणा आत येतो, दुसऱ्यातून बाहेर जातो."

तिनं कातरी घातली. कर्रर्र आवाज झाला. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून पुन्हा उघडले. आत पिवळं, सुरकुतलेलं, चामड्यासारखं अस्तर होतं. त्यात भरडलेला मका आणि बारीक खडे.

"खडे कशाले?" अनंतरावांनी विचारलं. ते कधी खुर्ची ओढून जवळ आले होते ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"जात्याला दगडी पाळू असते ना, तसे. कोंबडी मुद्दाम टिपते." उल्कानं कातरी खाली ठेवली. "आता माणसाची गाठ. मी पाहिली आहे, बरण्यांत, कॉलेजात. तिला भोकं नसतात, आई. आत दाणा जायला दार नसतं. तुमच्या पुरचुंडीत जर खरी गाठ असेल, तर मी तुमच्या पाया पडेन आणि शेखर आत्ता फोन करेल. पण बघितल्याशिवाय बुधवार मोडायचा नाही. आणा ती. मी उघडते."

"नाही!"

"मी उघडते, आई. माझं पोट, माझी जबाबदारी."

ती देवघराकडे निघाली. मंदाकिनीबाईंनी तिचा दंड पकडला. एवढा वेळ त्या भांडत होत्या. आता त्यांच्या डोळ्यांत निव्वळ भीती होती. चारच्या सुमाराचं ऊन अंगणात तिरपं आलं होतं. मग बाईंनी उल्काला मागे सारलं, स्वतः आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या.

"तू सर मागं," त्या म्हणाल्या. "जाऊन बसायचीच असन कोणाच्या पोटात, तर जिथून निघाली तिथं बसू दे. मी खोलते."

"मंदा!" अनंतराव उठले.

"तुम्ही बसा जी. पोट माह्यं आहे."

जन्मात मांसाला न शिवलेल्या त्या बाईनं लाल कापडाची गाठ दातांनी सोडवली. कापराचा भपकारा आला. कुंकवानं माखलेला गोळा ट्रेमध्ये पडला, कापलेल्या पोट्याच्या शेजारी. उल्कानं त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. कुंकू वाहून गेलं.

दोन्ही अंगांना रुपेरी चमक. वरच्या कडेला दोन भोकं.

"कापू?" उल्का म्हणाली.

"मले दे."

मंदाकिनीबाईंनी कातरी घेतली. त्यांना ती नीट धरता येईना. उल्कानं नुसता त्यांच्या मनगटाला आधार दिला. कर्रर्र. पिवळं अस्तर. आणि आत भरडलेला मका, सात-आठ खडे आणि बांगडीच्या काचेचा एक निळा तुकडा.

मंदाकिनीबाईंनी तो तुकडा बोटानं उलटवून पाहिला.

"मी मका खातच नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मले पचतच नाही." आणि मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "म्हणजे माही गाठ... ती अजून आतच आहे. हो ना उल्का?"

"हो, आई."

बाई तिथंच, ट्रेशेजारी, जमिनीवर बसल्या. उल्काही बसली. त्या सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या, आणि शेखरनं आत जाऊन टेबलावरचा फोन उचलून खिशात घातला.

रडणं ओसरल्यावर बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "किती वाजले?"

"साडेचार."

"त्या चाळीस नंबरवाल्या बाईनं पण पुरचुंडी नेली. सगळ्याइनं नेल्या. त्या साऱ्या आता घाटावर असतीन." त्या उठल्या. "गाडी काढ, शेखर. हे ताट पण घे."

महादेव घाटाच्या पायऱ्यांवर तीस-पस्तीस कुटुंबं रांगेनं उभी होती, प्रत्येकाच्या हातात लाल पुरचुंडी. भगवे गमछे घातलेले दोन सेवक "चलो, चलो, सूरज जा रहा है" करत एकेकाला पाण्याशी पाठवत होते. उल्कानं रांगेच्या मधोमध, पायरीवर ट्रे ठेवला.

"दीदी, एक मिनट। पानी में डालने से पहले ये देख लीजिए।"

एका सेवकानं ओळखलं. "अरे, ये तो वही है! पेट से है, महाराज ने मना किया था! खोल दी इसने! हटो सब, छाया पड़ेगी!"

रांग एकदम फाटली. बायकांनी लेकरं मागे ओढली. कोणीतरी ओरडलं, "भगाओ इसको!" दुसऱ्या सेवकानं ट्रेला लाथ मारायला पाय उचलला, शेखर मध्ये आला आणि तो पाय त्याच्या नडगीवर बसला. उल्का मागे सरकली, तिची टाच पायरीवरून घसरली, आणि एका क्षणापुरतं तिला फक्त खालचं पाणी दिसलं. मंदाकिनीबाईंनी तिला कमरेतून धरलं.

"खोली तो मैंने है!" बाईंचा आवाज साऱ्या घाटावर गेला. त्यांचं हिंदी मोडकं होतं, पण आता त्याला धार आली होती. "इसने नहीं, मैंने! एकतालीस नंबर! मेरे पेट की पोटली, मैंने खोली। आओ, देखो मेरे पेट में से क्या निकला। मका निकला! काच निकली!"

गर्दी ना पुढे येईना, ना मागे जाईना. तेवढ्यात खाली नाव बांधत असलेला एक नावाडी उत्सुकतेनं चार पायऱ्या चढून आला. त्यानं ट्रेमध्ये डोकावलं आणि खो खो हसला.

"अई दाई! ए तो कुकरी के पोटा आय! एला तो मोर घर हर इतवार रांधथें!"

तो सहज बोलला, पण ते शब्द पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेले. कुकरी के पोटा. कोंबडीचा पोटा.

"म्हणूनच मांस खाणाऱ्यांना गेटवरून परत पाठवलं," उल्का म्हणाली. आधी मराठीत, मग भान येऊन हिंदीत. "ज्यानं एकदा कोंबडी साफ केली आहे, तो एका नजरेत ओळखतो. या भैयांनी ओळखलं ना? गाठ कापसाच्या बोळ्यात लपवलेली असते. बोळा पोटावर जातो, गाठ घेऊन वर येतो."

"और खून?" रांगेतून एका तरुण नवऱ्यानं विचारलं. "खून हमने देखा है।"

उल्कानं एका बाईच्या पूजेच्या ताटातली हळद घेतली, मनगटावर चोळली. नावाड्याकडे तंबाखूची डबी होती; त्यातला चुना तिनं ओंजळभर पाण्यात कालवला आणि मनगटावर ओतला. हळद लाल झाली. ओघळ कोपरापर्यंत आला. एक लहान मुलगी किंचाळली.

"घाबरू नका. हळदीला चुना लागला की ती लाल होते. त्यांच्या तांब्यात गंगाजल नव्हतं, चुन्याची निवळी होती. आणि आता लिंबू." तिनं त्याच ताटातलं लिंबू पिळलं. लाल रंग विरला, पिवळी हळद परत आली. "झालं, रक्त थांबलं."

ज्या सेवकानं लाथ उचलली होती तो गर्दीतून कधी निसटला, कोणाला कळलं नाही. दुसरा पळायच्या बेतात होता, पण अनंतरावांनी त्याचा गमछा मुठीत धरला होता.

पहिली पुरचुंडी त्या तरुण नवऱ्यानं उघडली. मग दुसरी. मग पाच-सहा एकदम. खडे, मका, तांदळाची कणी. चाळीस नंबरच्या बाईनं मात्र आपली पुरचुंडी छातीशी धरली होती. तिनं कोणाकडे न बघता ती पाण्यात सोडली, हात जोडले आणि निघून गेली. तिच्यासारख्या आणखी आठ-दहा जणी गेल्या. उल्कानं हाक मारली, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

अकरा कुटुंबांनी त्याच संध्याकाळी पोलिसांत तक्रार दिली. गोदामात मिठात मुरवलेल्या पोट्यांचा डबा, चुन्याचं पोतं आणि लिंबांच्या टोपल्या सापडल्या. महाराज सापडले तिसऱ्या दिवशी, शेजारच्या जिल्ह्यात. दाढी काढलेली होती आणि नाव वेगळं होतं.

बुधवारी सकाळी मंदाकिनीबाईंना ऑपरेशनला नेलं. दाराशी त्यांनी उल्काचा हात इतका दाबला की बांगडी रुतली. अडीच तास बाहेर बाकावर कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. अनंतराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "निघाली. पीळ पडायला लागला होता. वेळेवर आणलंत." अनंतराव भिंतीवर कपाळ टेकून लहान मुलासारखे रडले. आठवड्यानं तपासणीचा अहवाल आला: गाठ कर्करोगाच्या वाटेवर निघाली होती, पण अजून तिथं पोचली नव्हती. पुढं फक्त नियमित तपासण्या.

घरी आल्यावर आळीतल्या त्याच सहा बायका भेटायला आल्या. त्यांतल्या एकीनं उशीखाली अंगारा सरकवला आणि दबकत विचारलं, "पण ताई, सगळेच महाराज काही खोटे नसतात ना जी?"

मंदाकिनीबाई उशीला टेकून बसल्या. टाके ओढत होते, बोलायला दम लागत होता.

"मले नाही माहीत, बाई. मी देव मानते, उद्याही मानीन. पण पोट दुखलं तर दवाखाना. आधी दवाखाना. डॉक्टरनं मले फिल्म दाखवली, रिपोर्ट दिला, म्हणाली दुसऱ्या डॉक्टरले विचारायचं तर विचारा. त्या माणसानं का म्हटलं? खोलू नको. पाहू नको. विचारू नको." त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. "खऱ्याले पाह्यल्यानं काही होत नाही. म्हणून जो कोणी म्हणन ना, की उघडून पाहू नका, त्याचं पह्यले उघडून पाहा. भीती वाटन. मलेही वाटली. तरी पाहा."